जोडीदारीचे मोजमाप आणि शहापूर-मुरबाड

प्रेम नसताना शरीरसंबंध ही कल्पनाच काहींना असह्य वाटते. काहींच्या लेखी त्या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. या व्यक्तिभेदाला मानसशास्त्रात ‘सोशिओसेक्शुअ‍ॅलिटी’ म्हणतात. संज्ञा आल्फ्रेड किन्से यांची. तिची प्रचलित मापनी मात्र जेफ्री सिम्पसन आणि स्टीव्हन गँगस्टॅड यांनी १९९१ मध्ये मांडली. तीत सात प्रश्न होते आणि उत्तरांची एकच बेरीज होई. २००८ मध्ये लार्स पेंके व येन्स आसेनडॉर्फ यांनी तिला नऊ प्रश्नांचे रूप दिले आणि वर्तन, मत व इच्छा यांचे गुण वेगळे केले. ही सुधारणा रास्तच होती. माणूस करतो एक, त्याला पटते दुसरे आणि हवेसे वाटते तिसरेच, हे सांगायला मानसशास्त्रज्ञाची गरज नाही.

नात्यातील असुरक्षितता मोजण्याचा मार्ग याहून निराळा. त्याचा आरंभ, योगायोगाने, एका दैनिकातून झाला. सिंडी हॅझन व फिलिप शेव्हर यांनी अमेरिकेतील डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’मध्ये प्रेमाविषयीची प्रश्नावली छापली आणि आलेल्या उत्तरांपैकी ६२० तपासून १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातून सुरक्षित, चिंताग्रस्त आणि जवळीक टाळणारे असे तीन प्रकार पुढे आले.

डेव्हिड श्मिट यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४८ देशांतील १४ हजारांहून अधिक व्यक्तींना पहिली मापनी लावली होती. पुरुषांचे सरासरी गुण सर्वत्र अधिक आढळले. पण उत्तरे देणारे बहुतांशी महाविद्यालयीन विद्यार्थी होते. आपला जोडीदार आपण निवडतो, हे या प्रश्नावलीत गृहीतच आहे.

कसारा लोकलने मुंबईहून दोन-अडीच तासांत गाठता येणाऱ्या शहापूर तालुक्यात आणि रेल्वे नसलेल्या शेजारच्या मुरबाडमध्ये हे गृहीतक टिकत नाही. येथे कुणबी व आगरी समाजांबरोबर ठाकर, कातकरी, महादेव कोळी आदी आदिवासी जमातींची वस्ती आहे. मापनीतील एक विधान असे: प्रेमाविना शरीरसंबंध चालू शकतो. त्याला होकार देणारी व्यक्ती बांधिलकी न मानणारी ठरते. आता वडीलधाऱ्यांनी ठरवलेल्या स्थळी उजवलेली सून याचे काय उत्तर देईल? तिच्या लेखी बांधिलकी आधी आणि प्रेम, झालेच तर, मागाहून. ती प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणाली, तर अत्यंत बांधलेल्या संसारातील स्त्री कागदावर ‘मुक्त’ दिसेल.

कातकरी आणि वारली समाजांत लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी आधी एकत्र नांदू लागतात. विधी पुढे, प्रसंगी मुले झाल्यावर होतो. देज देण्याची रीत आहे, काडीमोड आहे, विधवेचा पाट लागतो. अनुसूचित जमातींना १९५५चा हिंदू विवाह कायदा, केंद्राने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. तेथे रूढीच प्रमाण. अशा घरात ‘विवाहबाह्य संबंध’ हा रकाना भरला, तर वीस वर्षांचा संसारही त्यात पडेल. आदिवासी बाया ‘मोकळ्या’ असतात, असे शहरात सर्रास बोलले जाते. त्या बोलण्यावर शास्त्रीय आकड्याचा शिक्का बसणे हा धोका येथे काल्पनिक नाही.

वर्तनाच्या गुणांत संधीचाही वाटा असतो. भातकापणी आटोपली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लग्नासाठी भट्टीमालकाकडून उचल घ्यायची आणि ती जोडीने राबून फेडायची, हा प्रकार जुना आहे. त्या वयात लग्न का केले, याचे उत्तर स्वभावापेक्षा त्या उचलीत सापडण्याची शक्यता अधिक.

खरे उत्तर मिळवणे हा आणखी निराळा प्रश्न. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची पाहणी केली, तेव्हा समोरासमोरच्या मुलाखतीशिवाय बंद लिफाफ्याची सोय ठेवली होती. विवाहपूर्व संबंधाविषयीचे उत्तर कागदावर खूण करून लिफाफ्यात टाकायचे. तोंडी जे सांगितले गेले नव्हते, ते काहींच्या लिफाफ्यांत सापडले. वाचता न येणाऱ्या मजुराकडूनही एक खूण घेता येते. नऊ विधाने आणि त्यांतील बारीक छटा घेता येत नाहीत. ती वाचून दाखवायची, तर भट्टीवरच्या एका झापात सासू, दीर आणि मुले यांच्यादेखत तो आडोसा आणायचा कोठून? शिवाय ही विधाने विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या लागतील: जोडीदार कोणी निवडला, तेव्हा वय काय होते आणि नकार देता आला असता का.