सुई खाली आली, तेव्हा उशीर झाला होता

पुणे-नाशिक महामार्गावर, चाकणच्या कोंडीत बॉनेट उघडं टाकून उभी राहिलेली जुनी गाडी या भागात कुणाला नवी नाही. बघणारे म्हणतात, ‘हीट झाली’, आणि पुढे जातात. पण इंजिन एका मिनिटात हीट होत नाही. त्याआधी कित्येक तास ते सांगत असतं. खालचा प्रसंग कल्पित आहे. रस्ता आणि बिघाडाचा क्रम खरा. गाडी पंधरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, नुकतीच सेकंडहँड घेतलेली. प्रवास राजगुरुनगर ते भोसरी आणि परत.

सकाळी ७. उरले १० तास
वाडा रस्त्यावर घरासमोर उभी गाडी रात्रभरात थंडगार झाली आहे. रेडिएटरचं झाकण उघडायला दिवसातली हीच वेळ सुरक्षित. उघडलं असतं तर आत कूलंटचा हिरवा किंवा लाल रंग नव्हे, गंजाने तांबडं झालेलं नळाचं पाणी दिसलं असतं आणि झाकणाखाली चिरलेलं, कडक रबर. मालक फक्त काच पुसतो. आई डबा घेऊन मागे बसते.

हे झाकण दाब धरून ठेवतं. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवरच्या या पट्ट्यात उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बार दाब धरणारं चांगलं झाकण तीच मर्यादा ११८च्या घरात नेतं. रबर गेलं की ही वीस अंशांची सवलतही गेली.

सकाळी ८. उरले ९ तास
चांडोली, शिरोली, वाकी. रस्ता मोकळा, तापमानाची सुई मध्याच्या किंचित खाली. समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतोय, त्यामुळे फॅन चालतो की नाही हे कळायला वाव नाही.

सकाळी ९. उरले ८ तास
चाकणचा तळेगाव चौक. पुढे कंटेनर, बाजूला कंपन्यांच्या बस. गाडी जागची हलत नाही आणि सुई मध्य ओलांडते. एव्हाना फॅनची घरघर ऐकू यायला हवी होती. बहुतेक गाड्यांत पाणी ९० ते १०० अंशांच्या दरम्यान पोचलं की फॅन सुरू होतो. इथे सगळं शांत.

कोंडी सुटते, वारा लागतो, सुई खाली येते. ‘झालं बघ आई, आली जागेवर.’

निदानाच्या दृष्टीने दिवसातला हा सर्वात मोलाचा क्षण. उभ्या गाडीत सुई चढते आणि चालत्या गाडीत उतरते, तेव्हा संशय आधी फॅनवर घ्यायचा. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना चढली तर रेडिएटर आतून चोंदलेला, वॉटर पंप कमजोर किंवा पाणीच कमी. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच चढली, वरचा होज पाइप चटका देतो आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट बंदच अडकला असण्याची शक्यता.

फॅनची परीक्षाही सोपी. एसी लावा. फॅन एसीवर फिरला पण एरवी फिरत नसेल, तर मोटर ठीक, सेन्सर किंवा त्याची वायरिंग संशयित. एसीवरही फिरला नाही, तर फ्यूज, मग रिले, मग मोटरला थेट बॅटरीची वायर लावून बघायची. दोन फॅन असतील तर दोन्हींवर लक्ष ठेवायचं.

सकाळी १०. उरले ७ तास
भोसरी. इंजिन बंद, पण बॉनेटखालून गुडगुड आवाज. इंजिन थांबलं की पंपही थांबतो. सिलिंडर हेडमधली उष्णता जागच्या पाण्यात उतरते आणि ते उकळतं. कमजोर झाकणातून पाणी रिझर्व्ह टाकीत, टाकी भरली की रस्त्यावर.

दुपारी १. उरले ४ तास
गाडीखाली ओल दिसते. मालक बाटलीभर पाणी रिझर्व्ह टाकीत ओततो. टाकी ‘मॅक्स’च्या खुणेपर्यंत भरते, त्याचं समाधान होतं. पण इंजिन थंड होताना टाकीतलं पाणी परत ओढून घेण्याचं कामही त्याच झाकणाचं. झाकण खराब, म्हणून टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा.

दुपारी ४. उरला १ तास
परतीची वाट. मोशीचा इंद्रायणी पूल मागे पडला, कुरुळी आली. एसी चालू. गाडी पन्नासच्या वेगात आहे, तरी सुई मध्याच्या वर. सकाळी वारा लागला की उतरणारी सुई आता उतरत नाही. बिघाडाने रूप बदललं: आधी फॅन नव्हता, आता पाणीही नाही. इथे थांबलं असतं तर खर्च फॅनचा आणि झाकणाचाच आला असता.

दुपारी ४:४०. उरली २० मिनिटं
पुन्हा चाकणची कोंडी. सुई लाल पट्टीला टेकते. कुणीतरी सांगितलेला उपाय त्याला आठवतो: एसी बंद, हीटर पूर्ण चालू. उपाय चुकीचा नाही. हीटरचा छोटा रेडिएटर थोडी उष्णता बाहेर काढतो. पण जाळीतून हवा गार येते. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, याचा अर्थ हीटरपर्यंत गरम पाणी पोचतच नाही. गाडी त्याच क्षणी बंद करायला हवी.

‘अरे, कसला वास येतोय?’ आई विचारते.
‘चौक ओलांडला की थांबतो.’

दुपारी ४:५०. उरली १० मिनिटं
सुई झपकन खाली येते, पार थंडीच्या खुणेकडे. मालक सुटकेचा श्वास सोडतो. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. त्याच्याभोवती पाणीच उरलं नाही तर तो काय मोजणार? आता इंजिन किती तापलंय, हे सांगणारं गाडीत काहीच नाही.

संध्याकाळी ५
वाकीच्या अलीकडे ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ मिळत नाही. टकटक, पांढरी वाफ, इंजिन बंद. पुन्हा स्टार्टर मारला तर नुसता ‘टक्’.

मदतीला धावलेला एक माणूस पाण्याची कळशी आणतो. टपरीवरचा मेकॅनिक ओरडतो, ‘दादा, झाकणाला हात लावू नका! वरून पाणीही नको.’ दाबाखालची वाफ तोंडावर येऊ शकते आणि तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.

पुढे गॅरेजात हेड उतरतं. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. मेकॅनिक हेडवर सरळपट्टी आडवी ठेवून फटीत फीलर गेजची पाती सरकवतो. लहान इंजिनांत वाकण्याची मर्यादा साधारण ०.०५ मिलिमीटर. इथे त्याहून जाड पाती सहज आत जाते. गॅस्केट जळालेलं, ऑइल दुधाळ. फेसिंग, नवं गॅस्केट, कदाचित पिस्टन-रिंगाही. काही शे रुपयांचं झाकण आणि फॅनची दुरुस्ती यांच्या जागी गाडीच्या किमतीला भिडणारं बिल.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, ‘इंजिन सुरू करून ठेवू नका.’ थंड असताना झाकण स्वतः उघडा. मग गाडी जागेवर चालू ठेवा, आणि फॅन सुरू होऊन बंद, परत सुरू होऊन बंद झाल्याशिवाय पैशाचं बोलू नका. त्यावर विकणारा घाई करू लागला, तर उत्तर मिळालंच.