निस्ताराचं पाणी: तलावाचा घाट ते विजेची पट्टी

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण इथले मालगुजारी तलाव त्याहून कितीतरी जुने. ते फक्त धानासाठी नव्हते, हे आपण विसरतो. मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात 'निस्तार' असा शब्द आहे. गुरांना पाणी, आंघोळ, कपडे धुणं, हे सगळं निस्तारात येई. म्हणजे घाटावर धुणं हा गावाचा नोंदलेला हक्क होता. आपल्याकडचे वरठी याच पाण्यावर जगले. राख, रिठा, सोडा आणि भट्टी ही त्यांची सामग्री. मोबदला बहुतेक धान्यात.

१९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पुढे १९५९ मध्ये सर्फ आलं आणि १९६९ मध्ये स्वस्त निरमा. इथून पाण्याचा इतिहास बदलला. पावडरीत फेस आणणारी द्रव्यं होती, अनेकींत फॉस्फेटही. फॉस्फेट म्हणजे शेवाळाला खतच! शेतातल्या खताचा वाटा होताच, त्यात ही भर पडली.

आता जरा लंडनला जाऊ. १८८८-८९ मध्ये विल्यम वेबस्टर यांनी क्रॉसनेस इथं सांडपाण्यात लोखंडी पट्ट्या उभ्या करून वीज सोडली. लोखंड झिजून पाण्यात उतरतं, त्याचे पुंजके होतात आणि मळ धरतात. हायड्रोजनचे बुडबुडे त्यातले काही पुंजके वर आणतात, बाकीचे तळाशी बसतात. आपली आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची ना? तेच काम. पट्टी ॲल्युमिनियमची घेतली तर धातूसुद्धा तुरटीतलाच. पण वीज महाग होती. लंडननं चुना आणि लोहक्षारावरच भागवलं.

आज हीच पद्धत लॉण्ड्रीच्या पाण्यासाठी वापरता येते. मळ, फेसाचा बराच भाग आणि मुख्य म्हणजे फॉस्फेट त्यात पकडलं जातं. मात्र विरघळलेलं मीठ तसंच राहतं. म्हणून असं पाणी पहिल्या धुण्याला चालेल, शेवटच्या खळबळण्याला ताजंच हवं. पट्ट्या बदलाव्या लागतात, वीज लागते आणि खाली उरलेला गाळ परत तलावात टाकला तर सगळं मुसळ केरात!

मग प्रश्न उरतो तो खर्चाचा. घाटावर 'कपडे धुण्यास मनाई' अशी पाटी लावणं सोपं असतं. पण त्या पाटीनं वरठ्याचा जुना हक्क जातो आणि पावडर बनवणाऱ्याला काहीच तोशीस पडत नाही. मला वाटतं, घाटाशेजारी सामायिक धुणीघर आणि त्यात अशी टाकी, हा खर्च सार्वजनिक तिजोरीनं उचलावा. वरठ्यानं तलाव बिघडवला नाही. त्याच्या हाती आलेली पावडर बदलली. निस्तार हा सगळ्या गावाचा हक्क होता, तर त्याची राखणही सगळ्या गावानं करायला हवी.

इथं थांबतो.