वंशावळीतील क्रियापदे

इ. स. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले, आणि लवकरच त्या प्रांताचा कारभार शहाजीराजे भोसले यांच्याकडे आला. तेथे त्यांचा दरबार भरू लागला. जयराम पिंड्ये यांच्यासारखा अनेक भाषा जाणणारा कवी त्या दरबाराच्या आश्रयास आला. शके १५८५ च्या माघात, होदिगेरेच्या रानात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. त्यांची समाधी आजही तेथे आहे.

वंशावळीत एवढी घटना नोंदवावयाची तर ते एका ओळीचे काम. परंतु त्या ओळीच्या शेवटी क्रियापद कोणते घालावे, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. शहाजीराजे मेले, मृत्यू पावले, वारले, त्यांस देवाज्ञा झाली, की ते कैलासवासी झाले?

आज त्याच बंगळुरात संगणकाचा उद्योग नांदतो आहे, आणि आपला वंशवृक्ष संगणकावर मांडणारी माणसे मराठी घराण्यांतही आहेत. या कामासाठी जे प्रोग्रॅम मिळतात ते नाव, तिथी आणि स्थळ वेगवेगळ्या कप्प्यांत साठवितात आणि अहवाल छापण्याची वेळ आली की एका तयार साच्यात ती भरून वाक्य बनवितात : अमुक या दिवशी अमुक ठिकाणी जन्मला, अमुक दिवशी मरण पावला. यांपैकी काही प्रोग्रॅम हा साचा बदलण्याची मुभा देतात. सर्व माणसांसाठी एकदम तो बदलता येतो, किंवा एकाच माणसाच्या एकाच प्रसंगापुरते निराळे वाक्य लिहिता येते. वरवर पाहता ही सोय म्हणजे भाषेची हौस वाटते. मराठी वंशावळींचा इतिहास पाहिला म्हणजे तसे म्हणवत नाही.

जेधे शकावलीचेच पाहावे. लोकमान्य टिळकांच्या हाती आलेली ही शकावली १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद नव्याने उभा राहिला. शकावलीची भाषा अगदी कोरडी आहे. तिथी, वार, स्थळ, घटना. त्यापलीकडे काही नाही. शिवाजीराजांच्या जन्माला तिने साधे ‘उपजले’ हे क्रियापद योजिले आहे. मात्र ते आदरार्थी बहुवचनात आहे. पाळण्यातल्या मुलाला कोणी ‘उपजले’ म्हणत नाही, तो ‘उपजतो’. ते मूल पुढे कोण झाले हे ठाऊक असलेल्या माणसाच्या लेखणीतून ते बहुवचन उतरले आहे. एका प्रत्ययावरून लिहिणाऱ्याचा काळ आणि त्याचा पक्ष, दोन्ही कळतात.

इंग्रजी साच्यात राजा, रंक, स्त्री, पुरुष सर्वांसाठी जन्माचे एकच रूप चालते. मराठीत जन्मला, जन्मली, जन्मले, जन्मल्या अशी रूपे लागतात, आणि यांतले कोणते कोणास द्यावे हे घरातले माणूसच सांगू शकते. स्थळाचीही तीच गत. ‘बंगळूर’ या नावाला प्रत्यय लागताच त्याचे ‘बंगळुरास’ होते. शिवनेरी गड असल्याने तेथे ‘वर’ लागतो. यंत्राने नाव आणि प्रत्यय डोळे झाकून जोडले तर जे वाक्य निघते ते मराठी कानाला सोसवत नाही.

मृत्यूची क्रियापदे तर पदरचा पुरावाच असत. शैवाला कैलासवासी व वैष्णवाला वैकुंठवासी म्हणत. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ख्रिस्तवासी, मुसलमान कुटुंबांत पैगंबरवासी हे शब्द रूढ झाले. लढाईत पडलेल्या शिपायाला मात्र ‘कामास आला’ असे म्हणत. हा केवळ गौरव नव्हता. जो कामास आला त्याच्या मुलाबाळांना सरकारातून बालपरवेशी मिळत असे. जो घरी अंथरुणावर वारला त्याच्या मुलांना तो हक्क नव्हता. तीच गोष्ट वतनाची. ज्या शाखेपुढे ‘नकल’ म्हणजे निर्वंश असा शब्द पडला, तिचा वाटा भाऊबंदांकडे जाई. १८५२ नंतर मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने घराण्याघराण्यांकडून कैफियती व वंशावळी मागविल्या, तेव्हा औरस, दत्तक आणि नकल या तीन शब्दांवर कित्येकांची पोटे अवलंबून होती.

दत्तक या शब्दाचा सर्वांत मोठा खटला शहाजीराजांच्याच वंशात झाला. त्यांचे पुत्र एकोजी बंगळुराहून निघून १६७५ च्या सुमारास तंजावरचे राजे झाले. त्यांच्या वंशातील तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये, अखेरच्या दिवसांत, सरफोजी यांना दत्तक घेतले. हे दत्तविधान शास्त्रशुद्ध नाही असा अभिप्राय पंडितांनी दिला आणि इंग्रजांनी तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांना गादीवर बसविले. अकरा वर्षांनी पंडितांचा अभिप्राय पालटला. १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्य कंपनीच्या हवाली झाले. राज्य गेले, नाव राहिले. अशा राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा सारा वंशवृत्तान्त मराठीत दगडावर कोरविला. हा शिलालेख देशातील फार मोठ्या शिलालेखांपैकी एक आहे. ज्याचे पुत्रत्वच अकरा वर्षे वादात पडले होते, त्याने आपल्या वंशाची वाक्ये दुसऱ्या कोणाच्या साच्यावर सोपविली नाहीत, यात नवल काय?

आजच्या प्रोग्रॅमांत ही माहिती एकमेकांकडे पाठविण्यासाठी ‘जेडकॉम’ नावाची पद्धत चालते. अमेरिकेतील मॉर्मन चर्चने ती १९८४ मध्ये सुरू केली. तिच्यात बाप्तिस्म्याला स्वतंत्र खूण आहे, ज्यू मुलाच्या बार मित्स्वालाही आहे, मुंजीला नाही. मुंज ‘इतर प्रसंग’ म्हणून लिहावी लागते आणि तिचे वाक्य स्वतःच रचावे लागते. कालगणनांत ज्यूंचे पंचांग आहे, फ्रेंच राज्यक्रांतीचेही आहे. शालिवाहन शक नाही. मग कोणी शकात ७८ मिळवून इसवी सन बसवितो आणि चुकतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. ७८ मिळविणाऱ्याच्या वंशावळीत शहाजीराजे १६६३ मध्येच जातात. खरी तारीख २३ जानेवारी १६६४.

काही शब्दांपुढे लेखणी सहजच अडखळते. थोरल्या माधवरावांच्या मागोमाग १७७२ मध्ये थेऊर येथे रमाबाई गेल्या. जुन्या कागदांची भाषा याला सहगमन म्हणते. आजच्या माणसाला तो शब्द पुण्यप्रद वाटत नाही, आणि ‘मृत्यू’ एवढेच लिहिले तर चितेची हकीकतच पुसली जाते. अशा ठिकाणी अहवालाचे वाक्य आजच्या भाषेत लिहावे आणि मूळ शब्द कागदाच्या नावानिशी टिपेत ठेवावा, हाच मार्ग सुरक्षित दिसतो. वाक्य बदलता येते; हरवलेला मूळ शब्द परत मिळत नाही.

शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजीराजे १६५५ च्या सुमारास कनकगिरीच्या लढाईत पडले. शिवाजीराजांच्या तेजापुढे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. वंशवृक्षात त्यांच्यासाठी एक चौकट असते आणि यंत्र तिच्याखाली ‘मृत्यू, कनकगिरी’ एवढे छापते. तेथे ‘कनकगिरीस कामास आले’ हे तीन शब्द भरावयास अर्धे मिनिटही लागत नाही.