गडावर चढलेला रणगाडा

आमच्या लहानपणी कुरुंदवाडात दिवाळीचा किल्ला नदीकाठच्या काळ्या मातीचा असे. मळीतून घमेल्याने माती आणायची, विटांच्या तुकड्यांवर पोते अंथरून ती लिंपायची, उतारावर हळीव पेरायचे आणि माथ्यावर महाराजांना बसवायचे. १९८० च्या सुमारास मी त्या किल्ल्यावर एक रणगाडा चढवला. दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळाच्या कडांना ब्लेडने खाचा पाडल्या, भोकातून रबर ओवले, एका टोकाला काडीचा तुकडा अडकवला, दुसऱ्या टोकाला मेणबत्तीची चकती आणि लांब काडी. काडीला पीळ दिला की रीळ खाचा रोवत चढावर रांगत जाई. आजोबा बघत होते. म्हणाले, "महाराजांच्या गडावर ही गाडी कुठनं आली रं?"

मला उत्तर सुचले नाही. त्या प्रश्नाचा पिच्छा मात्र सुटला नाही.

किल्ल्यावरच्या चित्रांना प्रमाण असते, पण ते मापाचे नव्हे, मानाचे. महाराज सर्वांत मोठे, मावळे त्यांच्या निम्मे, आणि पायथ्याच्या गवळणीपेक्षा विहीर लहान. यात कुणाला काही खटकत नाही. विकतच्या प्लॅस्टिक रणगाड्यांचा संग्रह करू लागलो तेव्हा प्रथमच मापाचे प्रमाण भेटले : १:३५. हा आकडा मला फार शास्त्रीय वाटे. पुढे कळले की तो बॅटरीने ठरवला आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जर्मन पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली. तिच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून आकार ठरला. मोजले तर तो सुमारे पस्तिसावा हिस्सा भरला. पुढे जगभर तेच माप रूढ झाले.

मापाने शिस्त येते, पण फसगतही होते. सेंच्युरियन रणगाड्याचा सांगाडा सुमारे ७.६ मीटर लांब. १:३५ मध्ये तो जेमतेम २२ सेंटिमीटर. वजन मात्र पस्तिसाव्या हिश्श्याने नव्हे, पस्तीसच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते. खरा ५१ टनांचा. त्याच पोलादाचा इवलासा केला तर सव्वा किलोही भरणार नाही. हे गणित मांडले त्या दिवशी मला समजले की आपण रणगाड्याचा आकार घरी आणतो, भार नाही.

तो भार पाहायला अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, जावे लागते. १९४८ पासून चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, आणि १९९४ मध्ये त्याने रणगाड्यांचे संग्रहालय उभारले. मी पहिल्यांदा गेलो तो वही, मोजपट्टी आणि डबा घेऊन. रोल्स-रॉइसच्या सांगाड्यावर चढवलेली चिलखती मोटार, जपानी हा-गो, पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन, सारे एका आवारात उन्हात तापत उभे. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरला पॅटनचा मोड झाला तेव्हा संरक्षणमंत्री होते आपल्या कृष्णाकाठचे, कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मला लोखंडात नव्हे, हुद्द्यांच्या नावांत सापडले. चिलखती दलातला साधा शिपाई आजही 'सवार' म्हणवला जातो. त्याच्यावर दफेदार, त्याच्यावर रिसालदार. पलटणीचे नाव 'पूना हॉर्स'. ती १८१७ मध्ये, पेशवाईच्या अखेरच्या वर्षात, पुण्याच्या तहानंतर उभी राहिली. घोडा गेला, स्वार उरला. आमच्या गावात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे. वेगाने येऊन, घाव घालून, निघून जाण्याचे त्यांचे तंत्र ज्याने वाचले असेल त्याला रणगाड्याचे काम वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीतला 'टँक' हा शब्द १९१५ च्या अखेरीस गुपित राखण्यासाठी, पाण्याची टाकी म्हणून, पुढे केलेला होता. आपला 'रणगाडा' काही लपवत नाही.

१६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 'फमागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमधून लढला. जन्म पुण्याचा, वय २१. रणगाडा पेटल्यावर मागे येण्याचा हुकूम मिळाला, तो त्याने मानला नाही. तोफ अजून चालत होती. समोरची १३ लान्सर्स फाळणीआधी याच हिंदुस्थानी घोडदळातली. मला फमागुस्ता करायचा होता. पेटीतल्या चिकटखुणा ब्रिटिश सैन्याच्या. त्या टाकून नाव आणि खुणा मी हाताने रंगवल्या. पण रंग देताना अडलो. सकाळचा, धडधाकट दाखवावा की मार खाल्लेला? पुष्कळ महिने तो बिनरंगाचा राहिला. शेवटी सकाळचाच केला, आणि वरचे झाकण उघडे ठेवले. बंद झाकणाचा रणगाडा हे यंत्र असते. उघड्या झाकणातून माणूस आठवतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर घरात आला. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तर माझ्या मापांच्या वह्यांचा लगदा झालेला होता. वीस वर्षांचे टिपण गेले. प्लॅस्टिक तेवढे टिकले. फमागुस्ता उताणा सापडला, पट्ट्यांत गाळ घट्ट बसलेला. बाकीचे सगळे धुऊन पुसून ठेवले. त्याला हात लावला नाही. बसंतर हीसुद्धा नदीच.

वह्या पुन्हा लिहायला घेतल्या आहेत. गेल्या दिवाळीत पुतण्याच्या मुलाने किल्ल्यासाठी रणगाडा मागितला. महाराजांशेजारी नको, म्हणालो, खाली दरवाजाशी ठेव, जिथे घोडेस्वार ठेवतोस तिथे. का, असे त्याने विचारले. मग आम्ही दोघे पायरीवर बसलो, आणि सवार या शब्दापासून सुरुवात केली.