पहिला दगड

बायबलचं एक पानही न उघडलेल्या माणसाला येशूची एक गोष्ट हमखास माहीत असते. व्यभिचार करताना पकडलेल्या एका बाईला शास्त्री आणि परूशी येशूपुढे आणून उभी करतात. मोशेच्या नियमाप्रमाणे हिला दगडांनी मारायला हवं, तुझं काय म्हणणं? येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहीत राहतो. मग सांगतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा. एकेक जण काढता पाय घेतो. आपल्याकडे 'रोटी' (१९७४) सिनेमातल्या किशोरकुमारच्या गाण्यामुळे हा प्रसंग बायबलशी संबंध नसलेल्या घरांतही पोचला.

गंमत अशी, की बहुतेक अभ्यासकांच्या मते ही गोष्ट मूळ शुभवर्तमानात नव्हतीच!

आज ती योहानाच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला छापलेली असते. पण योहानाच्या जुन्या पपायरस प्रतींमध्ये ती नाही. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांतही नाही. ज्या ग्रीक प्रतीत ती पहिल्यांदा दिसते, ती 'कोडेक्स बेझी' साधारण पाचव्या शतकातली. पुढच्या काही प्रतींत ती योहानाच्या अगदी शेवटी येते, तर काहींत चक्क लूकच्या शुभवर्तमानात. पत्ता हरवलेल्या पाहुण्यासारखी ही गोष्ट या घरातून त्या घरात फिरत होती.

हे सगळं कळतं कसं? नव्या कराराच्या कुठल्याही पुस्तकाची मूळ प्रत उरलेली नाही. उरल्यात त्या नकलांच्या नकला, पण नुसत्या ग्रीक भाषेतल्याच पाच हजारांहून जास्त! मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात योहानाच्या अठराव्या अध्यायाचा एक तळहाताएवढा तुकडा आहे. तो १९३५ साली प्रसिद्ध झाला आणि सहसा दुसऱ्या शतकातला मानला जातो. नकला करणारी आपल्यासारखीच माणसं. दोन ओळींचा शेवट सारखा असला की नजर घसरून मधली ओळ गळायची. कोणीतरी समासात लिहिलेली टीप पुढचा लेखक मजकुरात घालायचा. १७०७ साली जॉन मिल या इंग्रज अभ्यासकाने सुमारे तीस हजार पाठभेद छापले, तेव्हा धर्मच बुडाल्यासारखी ओरड झाली. पण जितक्या प्रती जास्त, तितके पाठभेदही जास्त दिसणारच. त्यातले बहुतेक शुद्धलेखनाचे किंवा शब्दांच्या क्रमाचे असतात. एकच प्रत उरली असती तर एकही पाठभेद सापडला नसता, आणि एकही चूकसुद्धा.

यातला मला सर्वांत आवडलेला किस्सा इरॅस्मसचा. १५१६ साली बाझेलला त्याने ग्रीक नवा करार छापला. प्रकटीकरणाची त्याला मिळालेली एकुलती एक प्रत शेवटी फाटलेली होती. म्हणून शेवटची काही वचनं त्याने लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये रचली. आणि त्या वचनांत इशारा काय आहे? या ग्रंथात कोणी भर घालू नये, यातून कोणी काही काढू नये!

वाचताना मला आपले एकनाथ आठवले. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ पाहून त्यांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ती शुद्ध केली, आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी यात घुसवू नये असं बजावून ठेवलं. दुखणं तेच. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तीही प्रतींशी प्रती ताडूनच. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपली लाडकी गोष्ट तिथे परिशिष्टात गेली आहे.

ख्रिस्ती वाचकाला योहानाबद्दल हे कळतं तेव्हा त्याच्या पोटात काय होत असेल, हे मला गणपतीवरून समजलं.

पण एक लक्षात घ्यायला हवं. मजकूर आपल्यापर्यंत नीट पोचला का, हा एक प्रश्न. मजकुरात सांगितलेलं खरंच घडलं का, हा दुसरा. प्रती ताडून पहिल्याचं उत्तर बरंचसं मिळतं, दुसऱ्याचं नाही. आणि उशिरा शिरलेली गोष्ट उशिराच रचलेली असते असंही नाही. युसेबियस हा चौथ्या शतकातला इतिहासकार लिहितो, की दुसऱ्या शतकातल्या पापियासला अशीच एक गोष्ट माहीत होती, येशूपुढे अनेक पापांचा आरोप झालेल्या एका बाईची. ती हीच असेल तर शुभवर्तमानात शिरण्याआधी ती बराच काळ वेगळीच सांगितली जात होती. ऑगस्टीनला तर उलटीच शंका होती. आपल्या बायकांना पाप करायची मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी ही गोष्ट पोथीतून काढून टाकली, असं त्याचं म्हणणं. आज हे फार कोणी मानत नाही, पण त्या गोष्टीची लोकांना किती धास्ती वाटू शकते, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

आजच्या बऱ्याच आवृत्त्यांत ती कंसात छापतात, खाली टीप देऊन. जुन्या प्रतींत हे नाही असंही सांगायचं आणि तरी पानावर ठेवायचंही. मला हे पटतं. आजीच्या गोधडीतलं एखादं ठिगळ नंतर लावलेलं आहे हे कळलं म्हणून कोणी ते उसवत नाही.

असो. महाभारतातल्या गणपतीचं तुम्ही काय केलं असतंत?