मतांच्या बदल्यात भत्ता

अमेरिकेचं परराष्ट्र व्यापार धोरण ठरवायला बसलेल्या आयोगाचा अहवाल जानेवारी १९५४ मध्ये आला. अध्यक्ष क्लॅरेन्स रँडल हे इनलँड स्टील या पोलाद कंपनीचे प्रमुख, तर सदस्यांत पोलाद कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनाल्ड. आयात शुल्क उतरवण्याला मॅकडोनाल्ड यांचा विरोध नव्हता. परदेशी मालाचा फायदा सगळ्या देशाला होणार असेल, तर त्यापायी ज्याची नोकरी जाईल त्याचा भारही देशानेच उचलावा, एवढंच त्यांचं म्हणणं. आयोगातल्या बहुमताने ते बाजूला सारलं.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने या सूचनेचं विधेयक केलं. कापड गिरण्या आणि बुटांच्या कारखान्यांचं ते राज्य. विधेयक पडून राहिलं, सिनेटर मात्र राष्ट्राध्यक्ष झाला: जॉन केनेडी.

केनेडींना युरोपच्या सामायिक बाजारपेठेशी वाटाघाटी करून शुल्क निम्म्यापर्यंत उतरवण्याचे अधिकार हवे होते. कामगार संघटनांच्या पाठिंब्याशिवाय ते मिळणं अवघड. जुनी सूचना तेव्हा कामी आली. ऑक्टोबर १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात ‘ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स’ जन्माला आलं: वेतनाच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता, नवं काम शिकण्याची सोय, गाव बदलायचं तर खर्च. नुकसान झालेल्या कंपन्यांनाही मदत.

गोम होती ती पात्रतेच्या अटीत. शुल्कसवलत हे आयात वाढण्याचं प्रमुख कारण हवं, आणि ती आयात हे नोकरी जाण्याचं प्रमुख कारण हवं. कारखाना बंद पडायला एकच कारण कधी असतं? नोव्हेंबर १९६९ पर्यंत, म्हणजे सात वर्षांत, एकही अर्ज मंजूर झाला नाही. संघटनांनी या योजनेला ‘मयतीचा विमा’ म्हणायला सुरुवात केली, ते उगीच नव्हे.

सरकारला पुन्हा वाटाघाटींचे अधिकार हवे झाले, तेव्हा १९७४ च्या कायद्याने अट सैल केली आणि निर्णय कामगार खात्याकडे दिला. मग जपानी मोटारी आल्या. १९८० मध्ये मोटार कामगारांच्या अर्जांनी खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर नेला, आणि पुढच्याच वर्षी रेगन सरकारने कात्री लावली.

भारताचं नाव या कथेत येतं ते सॉफ्टवेअरमुळे. आपलं काम भारतात गेलं, असं म्हणत काही अमेरिकी प्रोग्रामरांनी मदत मागितली. खात्याचं उत्तर होतं की सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’च नव्हे. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये खात्याला धोरण बदलावं लागलं. सेवा क्षेत्राला कायद्याने दार उघडलं ते २००९ मध्ये.

सौदा किती उघडा होता, ते जून २०१५ मध्ये दिसलं. राष्ट्राध्यक्षांचे व्यापार अधिकार अडवण्यासाठी प्रतिनिधिगृहातल्या डेमोक्रॅट सदस्यांनी आपलीच लाडकी मदत योजना ३०२ विरुद्ध १२६ मतांनी पाडायला हातभार लावला. महिनाअखेर दोन्ही मंजूर झाले.

ते अधिकार जुलै २०२१ मध्ये संपले. कोणाला त्यांची निकड नव्हती, त्यामुळे मदतीच्या बदल्यात मागण्यासारखंही काही उरलं नाही. १ जुलै २०२२ पासून कामगार खात्याने नव्या मंजुऱ्या देणं थांबवलं. आधी पात्र ठरलेल्यांचे भत्ते तेवढे चालू राहिले.