केडगाव : दुष्काळाने जमवलेल्या बायकांचे गाव

भीमा, घोडनदी आणि मुळा-मुठा यांच्या काठचा शिरूर-दौंडचा मुलूख आज उसासाठी ओळखला जातो. धरणांचे पाणी पोहोचण्याआधी मात्र यातला बराचसा भाग पर्जन्यछायेतला कोरडा माळ होता. बाजरी पिकली तर वर्ष निभायचे, नाही पिकली तर सावकाराची पायरी चढायची. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावच्या शेतकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार घातला. पुढच्या मे महिन्यात तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात कर्जरोखे जळाले. ती धग विझते न विझते तोच १८७६-७७ चा दुष्काळ आला. सरकारने दुष्काळी कामे काढली आणि सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीतले धान्य रोजी एका पौंडाच्या हिशेबावर आणले. मजूर कामे सोडून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्या कामांनी अनेकांचे प्राण वाचवले हे खरे, पण खडी फोडणारा माणूस पाऊस पडल्यावर घरी जाई. ज्याला घरच उरले नव्हते त्याने कुठे जायचे, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. विशेषतः पोरक्या मुली आणि टाकून दिलेल्या बायका यांच्यासाठी ते कुणाकडेच नव्हते. वीस वर्षांनी याच माळावर, पुणे-दौंड लोहमार्गालगतच्या केडगावात, त्याचे एक उत्तर उभे राहिले. उपाशी माणसाला जेवू घालणे वेगळे आणि त्याला माणसांत बसवणे वेगळे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाने हे दुसरे, अधिक अवघड काम केले. हातातले कसब, भोगलेल्या दुःखाची आठवण आणि इतरांसाठी दाद मागण्याची धमक या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या म्हणून ते साधले, असे माझे म्हणणे आहे. आपल्या इतिहासाने मात्र केडगावकडे फक्त धर्मांतराच्या खिडकीतून पाहिले.

सुरुवात आठवणीपासून करायला हवी, कारण केडगाव घडले ते आठवणीमुळेच. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान, तीर्थाटन करत पुराणे सांगणारे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे कुटुंब अन्नान्नदशेला लागले आणि आई, वडील व थोरली बहीण थोड्याच काळाच्या अंतराने गेली. भावाबरोबर पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचलेल्या या मुलीला तिथल्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढचे टप्पे मराठी वाचकाला ठाऊक आहेत : बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज, इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा, अमेरिकेचा दौरा आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी उघडलेले शारदा सदन. या धावपळीत पहिल्या दुष्काळाची आठवण मागे पडली नव्हती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातल्या उपासमारीच्या बातम्या आल्या तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. दुष्काळाच्या अनुभवांवर त्यांनी त्याच सुमारास जे लिहिले, त्यात आईवडिलांचे मरणही सांगितले आहे. सरकारी छावणीतल्या मुलींच्या डोळ्यांत त्यांना त्यांचे स्वतःचे सोळा-सतरा वर्षांचे वय दिसत होते. शारदा सदन तोवर पुण्यात हलले होते, पण त्या वेळी तिथे प्लेगचे निर्बंध होते आणि इतका मोठा जमाव शहरात ठेवणे शक्य नव्हते. शारदा सदनाला पुढे उत्पन्न मिळावे म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतलेली होती. झोपड्या आणि तंबू घालून या मुली तिथे उतरल्या. दोन-तीन वर्षांत संवत १९५६ चा, म्हणजे ‘छप्पन्नचा’ दुष्काळ आला, गुजरात-राजपुतान्याकडून आणखी मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास केडगावात जवळजवळ २,००० जीव राहू लागले.

या दोन हजारांत सारखे असे काहीच नव्हते. शारदा सदनात प्रामुख्याने उच्चवर्णीय बालविधवा होत्या. केडगावला आलेल्या दुष्काळी मुलींत सर्व जातींच्या होत्या, कुणी हिंदी बोलणारी, कुणी गुजराती. कित्येकींचे आजारपण अंगावर होते, काहींचे बालपण वाटेतल्या माणसांनी आधीच लुटले होते. एका छपराखाली कोंबले म्हणून अशी माणसे एकमेकांची होत नाहीत. ती एकमेकांची झाली कामातून. शेती, विहिरी, गोठा, तेलाची घाणी, बेकरी, धोबीखाना, शिवणकाम, भरतकाम, हातमाग अशी कामे वाटली गेली आणि शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुली या नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या. हातमागाचेच घ्या. कुणीतरी कांड्या भरायच्या, कुणीतरी ताणा लावायचा, मागावर बसलेलीने धोटा फेकायचा. कांडी सैल भरली तर मागावरचा धागा तुटतो आणि दोष कुणाचा हे लगेच कळते. अशा कामात शेजारणीची जात विचारून भागत नाही, तिचा हात किती बसला आहे ते पाहावे लागते. खडी फोडणाऱ्या मजुराच्या हाती दिवस संपल्यावर धान्य पडत होते. मागावरच्या मुलीच्या हाती त्याखेरीज एक विद्या पडत होती, आणि ती दुसरीला शिकवण्याचा अधिकारही. परक्यांचे गाव होते ते या अधिकारामुळे, कारण ज्याच्याकडून कुणीतरी काही शिकते त्याला तिथून उठवणे सोपे राहत नाही.

या सगळ्या कामांत छापखान्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. देवनागरीची जुळणी किचकट असते. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे यांचे शेकडो खिळे वेगवेगळ्या घरांत ठेवलेले असतात. जुळणी करणारीने डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून अक्षरांची ओळ उलटी लावायची, ओळ घट्ट बसेपर्यंत शब्दांमध्ये जागा भरायच्या. प्रूफ काढून चुकलेला खिळा चिमट्याने उपटायचा. छापून झाले की तेच खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. यासाठी नुसती सवय पुरत नाही. वाचता यावे लागते, शुद्धलेखन पक्के असावे लागते आणि उलटे अक्षर सुलटे दिसावे लागते. त्या काळी छापखाना हा पुरुषांचा धंदा होता. केडगावच्या छापखान्यात ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्र निघाले आणि रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य बायकांना कळेल अशा साध्या मराठीत केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतरही तिथेच छापले गेले. ते काम अनेक वर्षे चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा ते संपत आले होते आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर आला. एका व्यक्तीने केलेल्या भाषांतराचे आपण कौतुक करतो, पण ते कागदावर उतरवण्यात ज्या मुलींचा हात होता त्यांच्यातल्या कितीतरी जणींना केडगावला येईपर्यंत अक्षरओळख नव्हती. अंध मुलींच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि अंध मुलींसाठी वर्ग सुरू झाला. वाचनाबरोबर हातकामही आले. भिकेशिवाय ज्यांच्यासाठी समाजाने काही ठेवले नव्हते, त्या मुली बोटांनी वाचू लागल्या.

आता दाद मागण्याकडे येऊ. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असे ठासून सांगणाऱ्या रमाबाई १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला गेलेल्या मोजक्या स्त्री-प्रतिनिधींमध्ये होत्या आणि सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. पण त्यांच्या धमकेची खरी कसोटी १८९७ मध्ये लागली. प्लेगच्या तपासणीत आणि इस्पितळात बायकांची जी हेळसांड चालली होती, तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला आणि मुंबई सरकारने त्यांचे म्हणणे खोडून काढले. ख्रिस्ती झालेली बाई सरकारच्या ओंजळीने पाणी पिणार, अशी समजूत असणाऱ्यांना हे पत्र म्हणजे चोख उत्तर आहे. ही हिंमत आणि केडगावची जमीन यांचा संबंध आहे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी शारदा सदनाशी संबंध तोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दुसऱ्यांच्या मर्जीवर चालणारे घर एका वादात रिकामे होऊ शकते हा धडा तेव्हाच मिळाला असणार. स्वतःची विहीर, स्वतःचा माग आणि स्वतःचा छापखाना असलेल्या घराला पुण्याच्या पेठांची किंवा मुंबईच्या सचिवालयाची तितकी तमा बाळगावी लागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. केडगावच्या जीवनाचा गाभा ख्रिस्ती श्रद्धा हाच होता आणि तिथल्या बहुसंख्य मुलींचा बाप्तिस्मा झाला. उपाशी, एकट्या पोरीला निवड अशी किती असते? हा प्रश्न रास्त आहे आणि अन्न, आसरा व धर्म एकाच हातातून मिळाले की त्या धर्माच्या स्वीकाराला पूर्ण मोकळा म्हणता येत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण तो प्रश्न विचारणाऱ्या समाजाला उलट प्रश्नही पडायला हवा : त्या मुलींना आधार देणारे दुसरे दार किती ठिकाणी उघडे होते? जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विवाह केला आणि तीनच वर्षांत अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ मध्ये पुण्याला सेवासदन आले, तिथेही रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखाली शिवण आणि शुश्रूषा शिकवली जाऊ लागली. म्हणजे आसऱ्याला हुन्नराची जोड देण्याची रीत एका धर्माची राहिली नाही. टीकाकारांनीही ती उचलली, आणि एखादी कल्पना खरी ठरल्याची याहून मोठी खूण नसते.

दुसरा आक्षेप पैशाचा. मुक्ती सदन परदेशी देणग्यांवर चालले, मागावरच्या कापडावर नव्हे. मग कसबाचे एवढे माहात्म्य कशाला? हिशेब म्हणून हे बरोबर आहे. दोन हजार माणसांचे पोट भरतकामावर आणि घाणीवर भरत नाही. पण कामाचे मोल फक्त वहीत जमा होणाऱ्या रुपयांत मोजले तर शाळा, वाचनालय आणि तालीम ही सारीच तोट्यातली ठरतील. कामाने तिथल्या बाईला घेणारीच्या जागेवरून देणारीच्या जागेवर आणले, हे त्याचे खरे उत्पन्न. तिसरा आक्षेप असा की शिवण, स्वयंपाक, धुणे ही कामे बाईला पुन्हा चुलीपाशीच नेतात. यात तथ्य आहे. शिवाय तिथली शिस्तही कडक होती. परंतु छापखाना, शेती, घाणी, अध्यापन आणि दोन हजारांच्या वस्तीचा कारभार ही चुलीजवळची कामे नाहीत. शिरूरलाही अमेरिकन मराठी मिशनची औद्योगिक शाळा होती, पण ती परदेशी पाद्र्यांनी चालवलेली. केडगावात परदेशी मदतनीस असले तरी धुरा एका मराठी बाईकडे होती, हा फरक लहान नाही.

राहिला प्रश्न आजच्या आठवणीचा. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाला लागून, नदीपलीकडे पेरण्यात जो स्तंभ आहे, त्याच्यावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. इंग्रजांनी तो आपल्या गौरवासाठी उभारला. पण नावे राहिली म्हणून शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांना सैन्यभरतीच्या हक्कासाठी त्यांचा दाखला देता आला आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. नाव टिकले की दोन पिढ्यांनंतरचा माणूसही त्याच्या आधाराने हक्क मागू शकतो. केडगावच्या बायकांच्या वाट्याला असा स्तंभ आला नाही. रमाबाईंवर १९८९ मध्ये टपाल तिकीट निघाले, देवदत्त नारायण टिळकांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले, मीरा कोसंबींनी त्यांचे लेखन अभ्यासकांपुढे आणले. पण विणणाऱ्या, खिळे जुळवणाऱ्या, ब्रेल वाचणाऱ्या बायका ‘मुक्तीच्या मुली’ एवढ्याच ओळखीवर थांबल्या.

ही उणीव भरून काढणे म्हणजे केवळ भूतकाळाची भरपाई नव्हे. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळेतून गळालेल्या मुलांना वेल्डिंग, सुतारी, वीजकाम, शेती यांतून शिकवता येते हे दाखवून दिले. पुढे अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब तिथे आली. कलबागांची प्रेरणा वेगळी, काळ वेगळा, तरी या भागातल्या दोन्ही प्रयोगांचा निष्कर्ष एकच आहे : हाताने शिकलेला माणूस स्वतःला निरुपयोगी मानत नाही. केडगावने त्याच्यापुढची पायरी दाखवली. स्त्रियांसाठीचे आधारगृह, निरीक्षणगृह किंवा बचत गट यांचे यश आज आपण किती जणींना शिवणयंत्र दिले यावर मोजतो. तिथल्या बाईला दुसरीला शिकवण्याचा अधिकार मिळाला का, स्वतःवर आणि इतरांवर झालेला अन्याय तिला उघडपणे मांडता येतो का, आणि संस्थेच्या इतिहासात तिचे नाव लिहिले जाते का, हे तीन प्रश्न त्या मोजणीत घातले पाहिजेत. यांतला पहिला आणि दुसरा प्रश्न केडगावने सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला. तिसरा तिथेही सुटला नाही, आणि म्हणून तो आता इतिहास लिहिणाऱ्यांनी उचलायचा आहे.